नंदीवर छत्री

“मंग हात काउन नाही लावत, तेवढं तरी सांगा.”

आबाराव ठवऱ्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा आवाजात विनंती होती. आता नुसता राग होता, आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

भागामायने मान वर केली नाही. नदीकाठच्या मठाच्या गोठ्यात ती बैलाच्या खांद्याशी उभी होती. पोळ्याचा आदला दिवस, म्हणजे खांदशेकणी. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेला बैलाचा खांदा त्या दिवशी गरम पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने त्यावर लोणी-हळद चोळायची आणि मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या पुरणपोळीचं आमंत्रण द्यायचं. गावात घरोघरी आज हेच चाललं होतं.

माय बैलाच्या कानाशी वाकली.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

बैलाने कान हलवला. माय वाटी घेऊन दुसऱ्या बैलाकडे वळली. बैलाला आवतण मिळालं, आबारावांना साधं उत्तरही नाही. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भागामाय म्हणजे मठाची मुख्य. वय झालेलं, अंगावर जाडंभरडं पांढरं लुगडं, बोलणं मोजकं. अर्धा गाव तिचा शिष्य होता. आबारावांनीही तिच्याकडून उपदेश घेतला होता. तो पचला किती, हा भाग वेगळा. पण मठाला सागाचे खांब त्यांनी दिले होते, आणि ते खांब कोणी दिले हे गावात कोणी विसरणार नाही याची काळजीही तेच घेत.

गोठ्याच्या दाराशी त्यांचा नंदी उभा होता.

तो नंदी एकदा बघायला हवा. आबारावांच्या पणज्याने आपल्या पोराला खेळायला म्हणून तो सागाच्या ओंडक्यातून करवून घेतला होता. मूळचा लहान पोराच्या गुडघ्याएवढा, चार लाकडी चाकांवर दुडदुडणारा. पुढे आजोबांनी त्याच्या शिंगांना पितळ चढवलं. वडिलांनी पितळ काढून चांदी चढवली. आबाराव काय मागे राहणार? त्यांनी लाकडी चाकं काढली, खाली पितळी पत्र्याचा चौरंग बसवला, त्याला लोखंडी चाकं लावली, गळ्यात घुंगुरमाळा, कपाळावर आरशाचं बाशिंग आणि पाठीवर मखमलीची झूल घातली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते हेच. आता त्याला उचलायला दोन गडी लागत.

एकदा शहरातून काही लोक आले, नंदीचे फोटो काढून गेले आणि जाताना म्हणाले की अशी जुनी वस्तू काचेत ठेवायला हवी. झालं. त्या दिवसापासून नंदी काचेच्या कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली आबारावांच्या करगोट्याला.

वर्षातून एकदाच तो बाहेर निघे, तान्ह्या पोळ्याला. पोळा मोठ्या बैलांचा, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा पोरांचा. पोरांनी आपापले लाकडाचे बैल दोरीने ओढत मारुतीच्या पटांगणात आणायचे, तोरणाखाली उभे करायचे, मग घरोघरी जाऊन खाऊ मागायचा. एवढाच काय तो खेळ. पण पोरांच्या हातात मोठ्यांना काही राहू देववत नाही. गावाने त्यात बक्षीस आणलं, पंच आणले, बँड आणला, आणि पोरं बिचारी कडक इस्त्रीच्या कपड्यांत उन्हात उभी राहू लागली. पहिलं बक्षीस दरवर्षी ठवऱ्यांच्या नंदीला.

यंदा मात्र पंचांनी एक नियम काढला होता. वेशीपासून मारुतीपर्यंत नंदी पोरानेच ओढायचा. गड्यांनी हात लावला की बाद.

हा नियम आपल्याच मुळावर आहे हे आबारावांनी तेव्हाच ओळखलं. पण हार मानतील ते ठवरे कसले? घरात ओढण्याजोगं एकच लेकरू होतं, मुलाची मुलगी, सात वर्षांची वच्छी. मग रोज संध्याकाळी अंगणात सराव सुरू झाला.

आता राहिला होता एकच विधी. मठाच्या मुख्याने कपाळावर हात ठेवल्याशिवाय ठवऱ्यांचा नंदी तोरणाखाली जात नसे. पणज्यापासूनची रीत. दरवर्षी दोन गडी नंदी मठात आणत, माय हात ठेवी, गडी परत नेत.

यंदा मायने नंदीकडे बघितलं, नंदीच्या पुढे उभ्या असलेल्या वच्छीकडे बघितलं, आणि हात मागे घेतला.

“सांगा नं,” आबाराव म्हणाले. “काय चुकलं आमचं?”

माय पळसाचं पान फिरवत राहिली...

आबारावांची नजर गोठ्याच्या कोनाड्यावर गेली. तिथे मातीचा एक ओबडधोबड बैल होता, मुठीत मावेल एवढा. मठाची विहीर खणताना तो खूप खोलवर सापडला होता. कोण्या काळचा, कोणी जाणे. गावाने त्याला गोठ्याचा देव ठरवलं आणि इतका शेंदूर फासला की बैलाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते कळेनासं झालं.

“त्या मातीच्या गोळ्याले रोज दिवा लावता,” आबाराव म्हणाले. “अन् माह्या चांदीच्या नंदीले बोट लावाले तुमचे हात झिजतात.”

बोलून गेले आणि जीभ चावली. पण माय रागावली नाही. तिने वाटी खाली ठेवली, हात पुसले, कोनाड्यातला देव काढला आणि त्याच्या पायाशी नखाने खरवडू लागली.

शेंदराची खपली पडली. आणखी एक पडली. मातीच्या पायात एक भोक दिसलं. मायने पळसाच्या पानाचा देठ त्यातून घातला. तो दुसऱ्या पायातून बाहेर आला.

“देवाच्या पायात आरपार भोक कायले, आबा?”

आबारावांना ते बघताक्षणी कळलं. त्यांच्या नंदीचे लाकडी पायही तसेच विंधलेले होते, पूर्वीच्या चाकांच्या आसासाठी.

“चाकासाठी,” ते पुटपुटले.

“मंग हा देव कोनाचा?”



मायने मातीचा बैल वच्छीच्या हातात दिला.

“माय.” आबारावांचा आवाज चढला. “थो देव आहे. लोकं पाया पडतात त्याच्या. अन् फुटन ना तो. हजार वर्सांचा असन.”

“फुटन.”

“मंग?”

“हजार वर्सं मातीखाली कोनाची वाट पाह्यत होता तो?”

वच्छीने आजोबांकडे बघितलं, मायकडे बघितलं. कोणी हिसकावून घेत नाही असं दिसल्यावर ती गोठ्याच्या कडेला उकिडवी बसली. सांडलेल्या कडब्याची एक काडी तिने बैलाच्या तोंडाशी धरली. मग दुसरी. मग त्याला थोडं पुढे सरकवलं, तिथलं चारलं.

“याचं नाव काय वं?” मायने विचारलं.

“भुऱ्या.” विचार करायला तिला क्षणही लागला नाही.

“अन् त्या तुह्या नंदीचं?”

वच्छीने दाराकडे बघितलं. रोज दोरीने ओढलेला नंदी ती पहिल्यांदाच बघत असावी असं वाटलं.

“त्याले नाव नाही,” ती म्हणाली. “त्याले हात लावाचा नसते.”

आबारावांना हे झोंबलं. त्यांनी मग बरंच काही ऐकवलं. सागाचं लाकूड कुठून आणलं, चांदी कोणत्या सोनाराने चढवली, शहरातले शिकलेले लोक काय म्हणाले, गावात किती घरं नुसती जळतात. पोरांच्या हाती दिलं असतं तर आज चुलीत गेलं असतं, असंही म्हणाले. आणि खेळण्याचं काय एवढं? शेण थापायचं वय आलं की सगळी पोरं खेळ विसरतात. नाव राहतं ते घराण्याचं.

“आमी चार पिढ्या जपलं त्याले,” ते शेवटी म्हणाले.

“कोनापासून?”

 खरं उत्तर त्यांना ठाऊक होतं. चोरापासून नाही, वाळवीपासूनही नाही. पोरांपासून...

बाहेर श्रावणातलं ऊन तापलं होतं. नंदीच्या बाशिंगातले आरसे भिंतीवर कवडसे पाडत होते. दाराला एक काळी छत्री टेकवलेली होती. मायची नजर त्या छत्रीवर गेली.

“छत्री कोनाची?”

“नंदीवर धरली होती. रस्त्यानं ऊन होतं. झूल उडते उन्हानं, रंग जाते तिचा.”

“कोन धरून होतं?”

“मीच.”

“अन् नंदी कोनं ओढला?”

“वच्छीनं.” आबारावांच्या आवाजात आता जरा अभिमान आला. “गावापासून इथवर, एकटीनं. चिखलात दोनदा फसला, पन हटली नाही पोट्टी. रक्त कोनाचं आहे.”

“गडी?”

“नदीवर गेलेत, बैल धुवाले.”

“गाडीत घालून आनाचा होता.”

आबाराव हसले. म्हातारपणाने मायची आठवण गेली की काय, असं त्यांना वाटलं. लहान पोराला समजवावं तसं त्यांनी समजावून सांगितलं.

“माय, आज खांदशेकणी आहे नं. आजच्या दिवशी खांद्यावर जू ठेवत नसतात. पाप लागते.”

...

 

आबारावांना आपण काय बोललो ते लगेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी ते गिळून टाकायचा प्रयत्न केला. पण बोललेलं परत तोंडात जात नाही.

माय वच्छीजवळ गेली आणि तिच्याशेजारी बसली. तिच्या झग्याचा गळा तिने बाजूला केला.

खांद्यावर दोरीचा वळ होता. नुसता आजचा नव्हे. एका वळावर दुसरा, त्यावर तिसरा, लाल, मधे काळपट, एका जागी साल निघालेली. बैलाला जिथे घट्टा पडतो, नेमका तिथे.

 आबारावांनी तिला इतक्या वर्षांत असं रागावलेलं कधी बघितलं नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, उलट उत्तर देता आलं असतं. पण ती नुसती उठून गेली, गरम पाण्याचं भांडं घेऊन आली, लोणी-हळदीची वाटी घेऊन आली.

फडकं पाण्यात बुडवून, पिळून, तिने वच्छीचा खांदा शेकला. हलक्या हाताने, थांबत थांबत.

“दुखते?”

“नाही.” मग थोड्या वेळाने, “थोडंसं.”

“आबाले सांगतलं नाही?”

“आबा म्हनते, पह्यलं बक्षीस भेटलं का दुखत नाही.”

मायने पळसाचं नवं पान घेतलं. लोणी-हळद त्यावर घेतली. बैलाच्या खांद्यावर फिरवलं तसंच, त्याच क्रमाने, त्याच हाताने तिने ते पोरीच्या खांद्यावर फिरवलं. वच्छीला गुदगुल्या झाल्या, तिने मान आखडली, मग डोळे मिटून स्वस्थ राहिली. माय तिच्या कानाशी वाकली.

“आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

वच्छीने डोळे उघडले. तिला हे शब्द ठाऊक होते. घरच्या बैलांच्या कानाशी आज सकाळीच तिने ते ऐकले होते.

“मी बैल आहे का?”

“आबाले इचार.”

वच्छीने खरंच विचारलं. खट्याळपणाने नाही, माहीत करून घ्यायला म्हणून विचारलं. हातातला भुऱ्या छातीशी धरून ती उत्तराची वाट बघत राहिली.

आबारावांचं तोंड लालबुंद झालं. त्यांना वाटलं, हा अपमान आहे. पोरीच्या देखत, गोठ्यात उभं करून, ज्या मठाला खांब दिले त्याच मठात. त्यांनी छत्री उचलली, पुन्हा ठेवली. म्हणाले, मी काही कसाई नाही. म्हणाले, नातीला मीही जीव लावतो, तिच्यासाठी नागपूरहून झगा आणला आहे. म्हणाले, एका दोरीने काही पोरगी मरत नाही, आम्हीसुद्धा लहानपणी काय कमी सोसलं?

“काय सोसलं?” मायने विचारलं.

तिने ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. म्हणूनच आबाराव अडखळले.

काय सोसलं... त्यांना फळी आठवली. तेव्हा काचेचं कपाट नव्हतं, माजघरात उंच फळी होती आणि फळीवर नंदी. खाली उभं राहून बघितलं की फक्त त्याचं पोट दिसे आणि दोन शिंगांची टोकं. तान्ह्या पोळ्याला तो खाली येई. आबाच्या हातात रेशमी दोरी दिली जाई, पण ओढायचे ते गडी. आबाने फक्त दोरी धरायची, ताठ उभं राहायचं, आणि कपडे मळवायचे नाहीत.

एकदा घरात कोणी नसताना तो डब्यावर डबा रचून फळीपर्यंत पोचला होता. नंदी खाली घेतला होता. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, त्याला पाणी दाखवलं होतं, चारा दाखवला होता. त्याच्याशी बोललाही होता. एक नाव ठेवलं होतं त्याचं.

मग वडील आले.

त्या माराची आठवण आबारावांना नव्हती. मार सगळेच खातात. पण ते नाव... ते नाव काय होतं? आबाराव गोठ्याच्या मधोमध उभे राहून आठवू लागले. काही केल्या आठवेना. एवढं सागाचं लाकूड आठवत होतं, सोनाराचं नाव आठवत होतं, कोणत्या वर्षी कोणतं बक्षीस ते तोंडपाठ होतं, आणि त्या एका दुपारचं ते एक नाव गेलं होतं.

“तू कधी खेळला याच्यासंग?” माय म्हणाली.

“आमच्या घरी...” आबारावांनी नंदीकडे बघितलं.  “आमच्या घरी त्याच्यासंग खेळत नसतात.”



वच्छी आता बैलांच्या गव्हाणीशी गेली होती. भुऱ्याला तिने मोठ्या बैलाच्या नाकाजवळ धरलं होतं आणि दोघांची ओळख करून देत होती. मोठा बैल फुसकारला. भुऱ्याला शिंक आली असावी, कारण वच्छीने त्याचं नाक पुसलं. भुऱ्याच्या पाठीवरचा उरलेला शेंदूर तिच्या हाताला, झग्याला, नाकाला लागला होता. नागपूरचा झगा होता तो. आबारावांना एरवी ते आधी दिसलं असतं.

दाराशी नंदी तसाच उभा होता, झुलीसकट, बाशिंगासकट. ऊन सरकलं होतं आणि आरशांचे कवडसे विझले होते.

आबाराव पुन्हा कडक झाले. एवढ्यात पाघळतील असे ते नव्हते, आणि परवाचं तोरण डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. सगळं गाव जमेल, ठवऱ्यांची जागा रिकामी राहील आणि लोक एकमेकांना खुणावतील. छातीवरचं जरीकाठी उपरणं त्यांनी नीट केलं.

“थे सारं राहू द्या,” ते म्हणाले. “मले एकच सांगा. हात लावता का नाही?”

“लावते नं.”

त्यांना खरं वाटेना.

मायने पळसाचं नवं पान घेतलं. वाटीत तळाशी राहिलेली लोणी-हळद बोटांनी निपटून पानावर घेतली. आबाराव लगबगीने दाराकडे वळले, नंदीची झूल सारखी करायला, बाशिंग सरळ करायला. माय त्यांच्या मागे आली नाही.

“तिकडं कुठं चालला?” ती म्हणाली. “उपरनं काढ.”

आबाराव वळले. मायचा चेहरा त्यांनी बघितला. त्यावर राग नव्हता आता, हसूही नव्हतं.

का कोण जाणे, त्यांनी उपरणं काढलं. ठेवायला जागा सापडेना, म्हणून हातातच धरलं. सदऱ्याची वरची गुंडी सोडली.

मायने त्यांचा खांदा उघडा केला. म्हातारा, गोरा, बिनवळाचा खांदा. उभ्या जन्मात त्यावर कोणी दोरी टाकली नव्हती. मायने तरी त्यावर पान ठेवलं, बैलाच्या खांद्यावर ठेवलं तसं, पोरीच्या खांद्यावर ठेवलं तसं, आणि चोळत राहिली, जणू तिथे खूप जुना घट्टा होता.

गव्हाणीपाशी वच्छी भुऱ्याला काहीतरी सांगत होती. ती थांबली आणि बघू लागली.

माय आबारावांच्या कानाशी वाकली.

“आज आवतन घ्या. उद्या खेळाले या.”